कमानीतली वीट

"मॅडम, लवकर या! बंगल्याची कमान पडली!"

सकाळी आठला जागामालक दादासाहेबांचा फोन आला, तेव्हा आसावरीच्या हातातला चहा तसाच राहिला. डाळज गावचा हा विटांचा बंगला रेल्वे टाकणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं दीडशे वर्षांपूर्वी बांधला होता. पुरातत्त्व खात्यात अधिकारी असलेल्या तिनं दोन वर्षं वरिष्ठांकडे खेटे घालून तो संरक्षित यादीच्या दारापर्यंत आणला होता. उद्या शेवटच्या पाहणीला समिती यायची होती.

ती पोचली तेव्हा समोरची खोली कमानीसकट बसली होती. चाळीस वर्षं तिथं राहणाऱ्या राखणदार मुक्ताबाईचे डबे, ट्रंक, सगळं ढिगाखाली गेलं होतं. ती लिंबाखाली बसली होती. शेजारी एका अखंड विटेवर तिचे देव होते. खाली सुकलेली फुलं, वर ताजी.

"कधी पडलं, मावशी?"

"सातला. म्या नळावर हुते."

"कुणी आलं होतं?"

"न्हाय."

"जुनंच हाय, मॅडम. पडायचंच," दादासाहेब म्हणाले. हायवेलगतच्या या जागेवर हॉटेल काढायला ते कधीचे देव पाण्यात घालून बसले होते. आसावरीचा संशय त्यांच्यावरच गेला.

तिनं ढीग उपसला. एकही वीट धड नव्हती. एक टेकू मिळाला, त्याला दोर बांधलेला. ती लिंबाखाली परतली आणि देवांखालची वीट निरखू लागली. एका टोकाला निमुळती, कडांना चुना.

"मावशी, ही कमानीच्या मधली वीट. सगळी कमान हिच्यावर तोलते. पडून आली असती तर फुटली असती. तुम्ही काल चुना खरवडून ती काढलीत, टेकू दिलात. आज सकाळी दोरानं टेकू ओढलात."

"म्या कशाला..."

"खालची फुलं कालची आहेत. देव कालच बाहेर आले. दादासाहेबांनी पाडली असती, तर देव आत असते."

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला.

"देवास्नी कसं गाडू, ताई?"

"पण का केलंत हे?"

मुक्ताबाईनं कमरेला खोचलेली नोटीस काढली. संरक्षित वास्तूत कोणी राहू नये, आठ दिवसांत खोली सोडावी. खाली सही आसावरीचीच होती. ती करताना इथं कोण राहतं हे तिनं विचारलंही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"मागच्या दोन खोल्या हायेत की अजून," मुक्ताबाई आशेनं म्हणाली. "कमान पडली, आता बंगला यादीत न्हाय, मंजी नोटीस बी न्हाय. आता ऱ्हाऊ ना मी हितं?"

धोकादायक इमारत म्हणून दादासाहेब आता त्याही पाडणार होते. अहवालात खरं लिहिलं तर ही तुरुंगात, खोटं लिहिलं तरी उघड्यावर.

मागं दादासाहेब फोनवर जेसीबीचं भाडं विचारत होते.

"सांगा की, ताई," मुक्ताबाई म्हणाली.