बाबांनी ढवळलेला ग्लास

"बाबा, पाळी बंद झाली की मुली जास्त जोरात धावतात, हे खरंय का हो?"

तिने विचारलं एकदाचं! रिलेतल्या तिघी मैत्रिणींनी पैजच लावली होती, 'कोचसरांना विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमच्या बॅगा उचल!' आणि कोचसर म्हणजे तिचेच बाबा! कपडे करणाऱ्या आईने इस्त्री बाजूला उभी केली. बाबांच्या हातातला चमचा ग्लासात तसाच राहिला...

ग्लासात पोट सुधारण्याची पावडर होती. रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडलं, तेव्हा बाबांनी गोळ्या बंद करून हा डबा आणला. "आधी आतडी सुधारा, रक्त आपोआप वाढेल," असं दुकानदार म्हणाला आणि भाबड्या बाबांनी ते ब्रह्मवाक्य मानलं! चार महिने रोज सकाळी, एकही गुठळी राहू नये म्हणून किती मायेने ढवळायचे ते! त्या मायेपुढे, 'शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढे काळोखी येते हो,' हे शब्द तिच्या ओठांवर येऊन येऊन विरले होते... दुखावलेल्या गुडघ्याने बाबांचं धावणं कायमचं हिरावलं होतं. आता तिनेही थांबून त्यांना पुन्हा हरवायचं कसं?

"कोणाची बंद झालीय गं?" आईने हळूच विचारलं.

"आमच्यातल्या दोघींची. आणि माझी... माझी थांबतच नाही, आई!"

"आणि हे आत्ता सांगतेस? मी कोण आहे गं तुझी?"

तिने बॅगेच्या तळातून तीन आठवडे लपवलेला, शिबिरातल्या रक्ततपासणीचा कागद काढला. हिमोग्लोबिन फक्त सात! बाबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि ग्लास बाजूला सारला.

"गोळ्या मी बंद केल्या... तू मागे पडत होतीस आणि मी तुला आळशी म्हणालो! सगळ्यांसमोर!"

"घड्याळाशिवाय काही दिसतं का तुम्हाला?" आई कडाडली आणि पुढच्याच क्षणी तिलाच हुंदका फुटला.

"पण रविवारची निवड चाचणी..." बाबा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

खरंच की! चौघींच्या रिले संघात राखीव अशी पाचवी धावणारी नव्हतीच. ती नसली तर तिघींचा वर्षभराचा घाम मातीत! तरी तिने डोळे पुसले.

"मी रविवारी धावणार नाही. मैत्रिणी बोलणं टाकतील, टाकू देत! त्यांना मीच सांगणार, त्या दोघींनाही डॉक्टरांकडे ओढत नेणार. उद्याच. आणि बाबा, कोचसरांना घरी ठेवा... तुम्ही तेवढे बरोबर या."