रिंगणातला चष्मेवाला

बसा असे जवळ. दार उघडंच असू द्या, गोष्ट तशी दिवसाउजेडीची आहे. काळोख, सोसाट्याचा वारा, रडणारी कुत्री, यातलं काही म्हणजे काही नाही. मास्तर एका मेलेल्या मित्राच्या घरी सिनेमा बघायला निघाले होते, एवढंच.

मास्तरांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. मारधाडीच्या सिनेमांवर बोलायला लागले की समोरच्याला बाकावर बसवून झोडपायचे, म्हणून हे नाव पडलं. मतं कायम तोंडावर! हल्लीच्या सिनेमात माणसं मारामारी करत नाहीत, संकलकाची कात्री करते. तारेला लटकून उडणाऱ्याने स्वतःला लढवय्या म्हणवून घेऊ नये. आणि कल्ट सिनेमा म्हणजे काय हो? लागला तेव्हा थिएटरकडे काळं कुत्रं फिरकलं नाही, आणि आता जो तो सांगतो, मी पहिल्याच दिवशी बघितला! लोक हसायचे. पण सिनेमा क्लबातल्या खुर्च्या भरायच्या त्या लांब्या बोलणार असला तरच, आणि हे मास्तरांना कायम सलायचं.

लांब्या त्यांचा जुना दोस्त. ताडमाड, खांद्यात वाकलेला, जाड भिंगांचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि हा तो अंगठ्याने वर ढकलायचा. त्याचं म्हणणं असं, की नायकाकडे काय बघता, त्याच्याभोवती रिंगण करून उभे राहतात ना, त्यांच्याकडे बघा. मार खायचाय हे ठाऊक असून काठी धरून आपली पाळी येईपर्यंत थांबतात बिचारे. मास्तर उसळायचे, "थांबतात कारण दिग्दर्शकाला सगळ्यांची एकदम मारामारी बसवता येत नाही!" यावर एकदा भर क्लबात लांब्या शांतपणे म्हणाला, "तू सिनेमा बघतच नाहीस रे. चुका शोधत बसतोस."

सगळे खो खो हसले. मास्तरांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. लांब्या अंथरुणाला खिळला तरी गेले नाहीत. लांब्या वारला तेव्हाही गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले.

आणि आता लांब्याच्या बायकोचा फोन. "भावोजी, एकदा येऊन जा. तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही."

दार मुलाने उघडलं. थकलेला, वैतागलेला. जिन्यातच हळू आवाजात म्हणाला, "काका, आईला बाबा दिसतात. टीव्हीत. त्यांच्या त्या जुन्या कॅसेटमध्ये. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. माझी नोकरी फिरतीची. वृद्धाश्रमात जागा मिळालीय, पण ती हटून बसलीय. म्हणते, मास्तर भावोजींनी सांगितलं की मला भास होतोय, तर मी मुकाट्याने जाईन."

"आणि मी उलटं सांगितलं तर?"

मुलगा जरासं हसला. "तर ती इथेच राहील. तुमच्यापुढे मी काय बोलणार? तुम्हाला तो सिनेमा पाठ आहे म्हणे."

मास्तरांना गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. एवढ्या वर्षांत त्यांच्या मतावर कुणाचं काही अवलंबून नव्हतं.

खोलीत पडदे ओढलेले होते. कोंदट हवा, आणि लांब्या गुडघ्याला चोळायचा त्या बामाचा वास. वहिनी खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. नीट विंचरलेले केस, स्वच्छ साडी. वेड लागलेल्या बाईची एक खूण सापडेल तर शपथ. त्यांनी कॅसेट आत सरकवली. यंत्र कुरकुरलं, पडद्यावर पांढऱ्या रेघा थरथरल्या आणि 'राखेचा आखाडा' सुरू झाला.

मास्तरांना हा सिनेमा खरोखरच तोंडपाठ होता. जळून गेलेल्या तालमीचं अंगण. मध्ये नायक, भोवती काठ्या घेतलेल्यांचं रिंगण. डावीकडे टोकाला फुटका नगारा, त्याच्याजवळ कुणी नाही. कधीच कुणी नव्हतं.

कॅमेरा डावीकडे वळला. नगाऱ्याजवळ एक माणूस उभा होता.

उंच. खांद्यात वाकलेला. हातात काठी, अंगात बाकीच्यांसारखाच काळा अंगरखा, आणि तलवारीच्या त्या जमान्यात डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तो घसरला. माणसाने तो अंगठ्याने वर ढकलला.

मास्तर पडद्याकडे वाकले.

"दिसतायत ना...?" वहिनी कुजबुजल्या. "सांगा ना, भावोजी... हा माणूस आधी होता का तिथे?"

मुलगा दाराशी होता. "आई, कोपऱ्यात कुणीतरी पुसट उभा आहे. चष्म्यामुळे तुला बाबा वाटतात." मग मास्तरांना म्हणाला, "काका, हा पहिल्यापासून आहे ना सिनेमात?"

एक शब्द पुरला असता. नाही. पण तो शब्द उद्या क्लबात पोहोचला असता. मास्तरांना भुतं दिसायला लागली! तीही लांब्याची, आणि उभी कुठे, तर रिंगणात! मेल्यावरसुद्धा ह्याचंच खरं? मास्तरांच्या छातीत भीती होती, पण जुना राग तिच्यावर पाय देऊन वर आला.

त्यांनी घसा खाकरला. "प्रसिद्ध चूक आहे ही. असले स्वस्तातले सिनेमे म्हणजे... कुणाच्या मनगटावर घड्याळ राहतं, कुणाच्या डोळ्यांवर चष्मा. गर्दीतला एक्स्ट्रा तो काढायला विसरला. पहिल्यापासून आहे तो, वहिनी. मी स्वतः यावर बोललोय."

मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवायला वाकला. त्यामुळे पुढचं त्याला दिसलं नाही.

चष्मेवाल्याने काठी नगाऱ्याला टेकवून ठेवली. रिंगणातून बाहेर पडला आणि संथपणे चालत चौकटीच्या कडेला, इकडच्या बाजूला आला. मग दिसेनासा झाला.

वहिनींनी ते बघितलं. मास्तरांनाही ते दिसलं, हेही त्यांनी बघितलं.

"भावोजी," त्या एवढंच म्हणाल्या, "यांनी तुमची फार वाट बघितली हो शेवटी." आणि उठून कपाटातल्या साड्या काढायला लागल्या. कॅसेट त्यांनी मास्तरांच्या हातात ठेवली. वृद्धाश्रमात ती लावायला कोण देणार होतं?

मास्तर घरी आले. रात्रभर दिवा चालू ठेवून बसले. सकाळी खिडकीतून लख्ख ऊन आत आलं, खाली भाजीवाल्याची हाक ऐकू आली, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. जुनी फीत, खराब डोळे, दुसरं काय! खुर्ची टीव्हीसमोर ओढून त्यांनी कॅसेट लावली.

अंगण. रिंगण. डावीकडे फुटका नगारा, आणि त्याच्याजवळ कुणी नाही. मास्तर मोठ्याने हसले.

मग त्यांच्या लक्षात आलं, की कुणी मारामारी करत नाहीये. काठीवाले नायकाकडे बघत नव्हते. ते पडद्याबाहेर बघत होते, अगदी मास्तरांकडे नाही, त्यांच्या डोक्याच्या जरा वर. खुर्चीमागे एखादा उंच माणूस उभा राहिला तर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे.

नायकाने हात खाली घेतले. मान लववली आणि मागे सरकून तो रिंगणात इतरांबरोबर जाऊन उभा राहिला. मधली जागा रिकामी झाली.

"लांब्या...?" मास्तरांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "अरे, मी... मी सांगतो वहिनींना..."

टीव्ही बंद करायला त्यांनी रिमोटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चित्र गेलं नाही. आणि मागून कुणीतरी खुर्ची अलगद पुढे, त्या रिकाम्या जागेकडे सरकवली.