राजकन्येच्या गालावरची रेघ

"उद्या सकाळी माझ्या नवऱ्याला फासावर चढवणार आहेत, साहेब," मेन्सिया दारातूनच म्हणाली.

ओर्दोन्योने वकिली कधीच सोडली होती. पण सेव्हिया शहरात कुणाच्या गळ्याशी आलं की लोक त्याचंच दार ठोठावत. सोबत जेवायला बसलेला त्याचा मित्र, औषधं विकणारा ब्लास, हातातला घास विसरला.

मेन्सियाचा नवरा हिनेस हा लोपेच्या छापखान्यात चित्रांचे लाकडी ठसे कोरायचा. लोपेला मूलबाळ नव्हतं; तो हिनेसला भागीदार करणार होता. गेल्या आठवड्यात लोपे यंत्रापाशी मरून पडलेला सापडला. कानशिलात एक खोल, कोपरा रुतल्यासारखी जखम होती. कोतवालाने हिनेसची पटाशीवर ठोकायची मोगरी उचलली आणि सोबत हिनेसलाही. कोठडीत हाल झाल्यावर त्याने गुन्हा कबूल केला.

ओर्दोन्योने हट्ट धरला तेव्हा कोतवालाने कुरकुरत छापखान्याचं टाळं उघडलं. खिडक्या बंद होत्या. शाईच्या वासात दुसराही एक वास होता, आणि ब्लास उंबऱ्यावरच घुटमळला.

लोपेचा भाऊ फाद्रिके आधीच येऊन दाराशी उभा होता, तोही आत शिरला. "किती वेळा सांगू? दुपारी लोपेने माझ्यासमोर नमुन्याचा ताव छापला. तो ओलाच घेऊन मी पुस्तकवाल्याकडे गेलो, संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. मी निघालो तेव्हा लोपे ठणठणीत होता. मागे राहिला तो हिनेस."

"पुस्तकवाल्याची साक्ष आहे," म्हणत कोतवालाने तो ताव पुढे केला.

चित्रात सरदार, झाड आणि राजकन्या होती. ब्लास म्हणाला, "बाईच्या गालावर ही पांढरी रेघ कसली? मांजरीने ओरबाडलं की काय?"

"जुने ठसे, दुसरं काय!" फाद्रिके हसला. "तोच सरदार, तीच राजकन्या. नवी कथा आली की जागा बदलायच्या. चित्रं न्याहाळतो कोण?"

"यंत्राला नंतर कुणी हात लावला?" ओर्दोन्योने विचारलं.

"माझ्या टाळ्याआड? कुणाची छाती आहे!" कोतवाल म्हणाला.

ओर्दोन्योने चौकटीच्या पाचरी ढिल्या करून राजकन्येचा ठसा काढला. जाड, वजनदार लाकूड. एक कोपरा चेपलेला, गालावरून तळापर्यंत तडा. त्याने जोर लावून ठसा दुभंगवला. वरच्या कडेला काळी शाई होती. आत तपकिरी, वाळलेलं रक्त.

"मोगरी गोल असते, कोतवालसाहेब. लोपेला मारलं ते याने. त्याच घावाने ठसा तडकला आणि रक्त आत उतरलं; तडा जुना असता तर आतही शाई मुरलेली असती. मारेकऱ्याने तो पुसून परत चौकटीत बसवला. बाहेर पडायला निमित्त हवं, म्हणून त्यावरच एक ताव छापला. तड्यात शाई लागत नाही. तिथे पांढरी रेघ उमटते."

"मग?" ब्लासला अजून उमगलं नव्हतं.

"अरे, यांनी ताव नेला तेव्हाच रेघ होती. म्हणजे लोपे त्याआधीच मेला होता. आणि हे म्हणतात, ठणठणीत होता!"

फाद्रिकेचा चेहरा उतरला. "आमच्या बापाचा छापखाना," तो दात खात म्हणाला, "आणि भागीदार कोण, तर हा सुतारडा!"

कोतवालाने त्याचा दंड धरला.

तुरुंगाच्या दारात हिनेसने दोन्ही हात पाठीमागे लपवले. मेन्सियाने ते ओढून पुढे घेतले. सगळी बोटं मोडलेली होती. ओर्दोन्योला कोतवालाची इतकी चीड आली की त्याने मान फिरवली.

"आता मला कोरता येणार नाही गं," हिनेस म्हणाला.

"घास तरी धरता येईल का?" तिने डोळे पुसले. "मी भरवीन. चल घरी."