नव्या आवृत्तीतला तास

डॉ. यशोधरा खोब्रागडे यांच्या वर्गात त्या सत्राला जेमतेम सहा विद्यार्थी होते, आणि त्यांतले निम्मे तर वर्ग गार असतो म्हणून येत असावेत. ग्रंथालय आणि माहितीशास्त्र शिकून पुढे करायचं काय, हे त्यांना कोणी धड सांगत नव्हतं. बाहेर पारा पन्नाशीला टेकला होता. विदर्भातला एप्रिल पूर्वीही काही थंड नव्हता म्हणा, पण आता दुपारी रस्त्यावर चिटपाखरूसुद्धा दिसत नसे.

बाईंनी भिंतीवरचा पडदा उजळवला. आज खोब्रागडे सरांचा तास दाखवायचा होता. सर म्हणजे बाईंचे यजमान, दयानंद खोब्रागडे. त्यांनी उभा जन्म याच विभागात संदर्भसेवा शिकवण्यात घालवला आणि त्यांचे सगळे तास चित्रित होऊन विद्यापीठाच्या ज्ञानकोठारात जमा झाले होते. सरांना जाऊन काही वर्षं झाली होती. बाईंनी घरी एकही प्रत ठेवली नव्हती. सगळ्यांचं धन घरात दडवणारा ग्रंथपाल म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं, असं सर म्हणायचे, आणि बाईंनी ते अक्षरशः पाळलं. मन फारच भरून आलं तर त्या कोठारातून एखादा तास मागवायच्या आणि नवऱ्याचा आवाज ऐकत बसायच्या. तेवढाच काय तो आधार.

आजचा तास मात्र त्या वर्षातून एकदाच बघत, आणि तोही वर्गात. सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. तासाच्या शेवटी मागच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी उठते आणि विचारते, की सर, माझ्या आजोबांचं गाव धरणाखाली गेलं, कुठल्याच नकाशात त्याचं नाव नाही, तर ते शोधायचं कुठे? ती मुलगी म्हणजे बाईच. सर तेव्हा बराच वेळ गप्प राहिले होते. मग म्हणाले होते, "मला माहीत नाही. चला, शोधू." आणि अख्खा वर्ग घेऊन ते ग्रंथालयात गेले. गाव सापडायला दोन महिने लागले. वर्गातली बाकीची पोरं चार दिवसांत कंटाळून पांगली, ही दोघं शोधतच राहिली. लग्न त्यातूनच जमलं. ग्रंथपालानं ठोकून द्यायचं नाही, शोधायचं, हे बाई त्या एका वाक्यावरून शिकवत आल्या होत्या.

पडद्यावर सर बोलत होते, तोच खडूनं माखलेला हात, तीच मान तिरपी करायची सवय. शेवटी मुलगी उठली. तिनं प्रश्न विचारला. सरांनी श्वाससुद्धा न घेता सांगितलं, "जुन्या जिल्हा गॅझेटियरचं परिशिष्ट बघा, मिळेल. बसा."

मुलगी बसली आणि सर पुढे शिकवू लागले.

बाई पडद्याजवळ गेल्या. त्यांनी तो भाग पुन्हा लावला. पुन्हा तेच. विद्यार्थ्यांना काही वावगं वाटलं नाही. एकीनं तर गॅझेटियरचं नाव टिपूनही घेतलं. बाईंनी वर्ग सोडला आणि तशाच तळघरात कोठारपालाकडे गेल्या.

कोठारपाल प्रणय बोरकुटे हा त्यांचाच विद्यार्थी, वर्गात पहिला आलेला, मेहनती आणि जरा जास्तच शिस्तीचा. मॅडम तळघरात आल्या म्हणून तो लगबगीनं उठला, खुर्ची पुसली. बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की मॅडम, वय झालं की आठवणी थोड्या सरमिसळ होतात, माझी आईही असंच करते. बाईंना असा राग आला की बोलता सोय नाही. पण त्यांनी तो गिळला आणि एवढंच विचारलं, की सरांचा तास इथे नेमका कसा ठेवलाय ते मला पहिल्यापासून सांग.

प्रणयनं सांगितलं. उन्हाळे असे वाढले की साठवणयंत्रं गार ठेवायची वीज विद्यापीठाला झेपेना. तेव्हा पूर्वीच्या कोठारपालांनी कमी जागेत जास्त साठवायची, संक्षेपाची नवी पद्धत आणली, आणि तिचं मूळ बाईंच्याच पहिल्या सत्रातल्या धड्यात होतं. ज्याचा अंदाज आधीच बांधता येतो, त्यात माहिती नसते. मे महिन्यात उद्या ऊन पडेल म्हणून सांगितलं तर कळलं काय? काहीच नाही. गारा पडतील म्हटलं तर कळलं. तर कोठारात एक भाकितयंत्र बसवलं. सगळी पुस्तकं, सगळे तास त्याला शिकवले. पुढचा शब्द काय येईल, पुढचं चित्र कसं दिसेल, हे ते बहुतेक वेळा बरोबर ओळखायचं. जिथे ओळखता येत नव्हतं तेवढ्याच दुरुस्त्या जपून ठेवल्या, त्यांना म्हणायचं अवशेष. बाकी मूळ प्रत पुसून टाकली. कोणी मागणी केली की यंत्र आपलं भाकीत करत जातं, अवशेष त्याला जागोजागी सुधारत जातात, आणि मूळ प्रत जशीच्या तशी पुन्हा उभी राहते.

"म्हणजे सरांचा तास इथे नाहीच?" बाईंनी विचारलं.

"आहे ना मॅडम. सर जिथे जिथे भाकिताबाहेर गेले, तेवढे सर आहेत."

मग त्यांनी विचारलं, की हे भाकितयंत्र तेच पहिलं आहे ना? प्रणय अभिमानानं म्हणाला, छे, गेल्या जूनमध्ये नवी आवृत्ती आली, पहिलीपेक्षा कितीतरी हुशार. आणि जुनीचं काय केलं? तर त्यानं बाईंकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. नवी आवृत्ती आली की जुनी बाद करायची, हा तर निर्लेखनाचा, म्हणजे संग्रहातून जुनं काढून टाकण्याचा, पहिला नियम. कोश असो, वर्गीकरणाचा तक्ता असो, दोन आवृत्त्या मांडणीवर ठेवल्या की वाचकाची दिशाभूल होते. बाईंनीच तो पाठ करून घेतला होता. त्यानं रीतसर निर्लेखन समितीची सही घेतली आणि जुनं यंत्र पुसलं.

"प्रणय, अरे, अवशेष म्हणजे त्या जुन्या यंत्राच्या चुका," बाई म्हणाल्या. "एकाच्या चुका दुसऱ्याला लावून मूळ कसं मिळेल?"

पण आम्ही तपासणी केली होती, असं तो चाचरत म्हणाला. ग्रंथालयात पुस्तक तपासायची जी रीत, तीच. प्रत्येक ग्रंथाचं मुखपृष्ठ पाहिलं, आणि सुरुवातीचं ते गुप्त पान, जिथे आपण चोरी ओळखायला शिक्का मारतो, तेही पाहिलं. सगळं बरोबर निघालं होतं. निघणारच, बाई म्हणाल्या. दोन्ही यंत्रं एका वळणाची. सुरुवातीला फरक तांदळाच्या कणीएवढा. पण पुढचं भाकीत मागच्या भाकितावर उभं राहतं, तेव्हा पान जसं पुढे जाईल तसा तो वाढत जाणार. आणि गडबडगुंडा झाला असता तर निदान कोणाच्या लक्षात आलं असतं. यंत्राला अडखळता येत नाही. ते गुळगुळीत, पटेल असंच काहीतरी बोलतं.

जुनं यंत्र पुन्हा घडवता येईल का, यावर दोघं संध्याकाळपर्यंत डोकं खाजवत बसली. ते घडवायचं तर त्याला शिकवलेली मूळ पुस्तकं आणि तास जसेच्या तसे हवेत. ते तसे हवेत तर जुनं यंत्र हवं. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावलं होतं. जुन्या यंत्राची प्रत दुसऱ्या विद्यापीठांकडे मागावी तर तिथेही बाईंचेच विद्यार्थी कोठारपाल, आणि तेही सगळे नियमाला पक्के.

बाईंनी समितीपुढे जाऊन सांगितलं. समितीनं सौजन्यानं ऐकलं, तास मागवून पाहिला आणि पुरावा मागितला. मूळ प्रत कुठे आहे? बाई म्हणाल्या, मला आठवतं. अध्यक्षांनी हळुवारपणे विचारलं की आठवण हा संदर्भ मानायचा का? ग्रंथालयशास्त्रात तो मानत नाहीत, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक होतं! त्या मान खाली घालून बाहेर आल्या.

मग त्यांचा हट्ट आकसत गेला. खरे सर नाही मिळत तर नाही, निदान हे खोटे तरी राहू देत. निदान यात मी प्रश्न तरी विचारते. सर माझ्याकडे बघतात तरी. जूनमध्ये तिसरी आवृत्ती येणार होती. आताची पुसू नकोस, नियम मोड, एवढं एक कर, म्हणून त्यांनी प्रणयचे अक्षरशः हात धरले. तो रडला. पण जागा नव्हती, वीज नव्हती, आणि समितीची सही झालेली होती.

पुढच्या वर्षी ते सत्र पुन्हा आलं. वर्गात आता चारच विद्यार्थी होते. बाईंना तो तास लावायचा नव्हता, पण अभ्यासक्रमात होता, आणि मनात कुठेतरी एक वेडी आशाही होती. त्यांनी पडदा उजळवला.

सर आले. खडूनं माखलेला हात तोच होता. ते छान बोलले, पूर्वीपेक्षाही स्वच्छ, मुद्देसूद. बाई तास संपत येण्याची वाट बघत राहिल्या. साधारण वर्गात शेवटी काय घडतं, हे नव्या आवृत्तीला फार चांगलं माहीत होतं. सरांनी विचारलं, कोणाला काही शंका? मुलं वह्या मिटत होती. मागच्या बाकावर कोणी बसलेलंच नव्हतं. सरांनी तिकडे एकदा पाहिलं, डस्टर उचललं, फळा पुसला आणि ते निघून गेले.