गुनहिल्डची विहीर

"ई! केवढं आंबट!" गवतातला लालसर देठ चावून निल्सने तोंड वेडंवाकडं केलं.

"अरे बावळटा, तो रूबार्ब आहे! देठ साखर घालून शिजवतात, असे कचाकचा खात नाहीत!" त्याची बहीण थोरा हसत सुटली. मग एकदम थांबली. "पण या ओसाड माळावर रूबार्ब लावला कुणी?"

सुट्टीत दोघं आणि त्यांचा मामेभाऊ लेफ अमेरिकेतल्या आयोवात आजोबांच्या शेतावर आले होते. शेजारच्या माळावरून आज नवा रस्ता निघणार होता. "तिथे कधी कुणी राहिलंच नाही!" कंत्राटदार प्रुइटने सगळ्यांना ठासून सांगितलं होतं.

"हा दगड बघ, अगदी पायरीसारखा!" लेफ पुढे झाला आणि कडाड्! गवताखालची कुजकी फळी मोडली. त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. दोघांनी त्याला ओढून काढलं. खाली खोलवर काहीतरी डुबुक् वाजलं.

"विहीर!"

थोराने गवतात दडलेल्या कठड्यावरचं शेवाळ खरवडलं. कोरलेली अक्षरं वर आली: गुनहिल्ड.

तिला एकदम ती जुनी गोष्ट आठवली. जिल्हा वसला त्या पहिल्या हिवाळ्यात नॉर्वेहून आलेल्या पाच कुटुंबांवर उपाशी मरायची वेळ आली होती. गुनहिल्ड नावाच्या विधवेने त्यांना घरात घेतलं, तिथल्या मूळ रहिवासी मेस्क्वाकी शेजाऱ्यांनी दिलेला मका सगळ्यांना पुरवला. गोष्ट घरोघर सांगत. घर कुठे होतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं!

तेवढ्यात बुलडोझर घरघरत आला. वर खुद्द प्रुइट!

"काका, थांबा! विहीर आहे!" थोरा ओरडली.

"बाजूला व्हा रे! खेळायला दुसरी जागा नाही का?"

"निल्स, आजोबांना आण, पळ!" थोरा स्वतः कुंपणाकडे धावली. तिने फाटक उघडलं आणि तिथली दाण्याची बादली खडखडवली. "या गं, या!" आजोबांच्या गाई धावतच आल्या. तिने दाणे यंत्रासमोर ओतले. गाई तिथेच ठाण मांडून चरू लागल्या!

"ही काय गुरांची जत्रा!" प्रुइट तणतणत उतरला. लेफने भोकात दगड टाकला. डुबुक्! प्रुइटचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी... इथूनच जाणार होतो," तो पुटपुटला. "यंत्रासकट आत गेलो असतो. पोरी, जीव वाचवलास माझा! रस्ता वळवतो मी."

धापा टाकत आलेल्या आजोबांनी टोपी काढली. बोटांनी ते अक्षरं चाचपत राहिले.

विहीर उपसून साफ झाली, त्या रविवारी त्या पाच कुटुंबांची नातवंडं-पतवंडं माळावर जमली. मेस्क्वाकी पाहुणेही आले. पहिला पेला आजोबांनी थोराच्या हातात दिला.

"तिने आमच्या माणसांना जगवलं," ते म्हणाले, "आणि आभार मानायला आम्हाला जागाच नव्हती. ती तुम्ही दिलीत, पोरांनो!"

पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. थोराने एक घोट घेतला आणि हळूच म्हणाली, "थँक यू, गुनहिल्डआजी."