वाट गावली नाय

सन २०२५, जुलै महिन्यातील अखेरचा शनिवार, दुपारचा एक. स्थळ, शहापूर-मुरबाड रस्त्यावरील किन्हवली येथील एका शाळेचा वर्ग. दोन्ही तालुक्यांतील तिसरीच्या भाषाशिक्षकांच्या अभ्यासगटाची पहिली बैठक तेथे भरली होती. वर्षभरात सर्वांनी मिळून एक पाठ घडवायचा, एकमेकांच्या वर्गांत तो शिकवून पाहायचा आणि मुलांना उमजेपर्यंत दुरुस्त करीत राहायचे, असे ठरले होते.

सापगावकडच्या एका वाडीवरच्या शाळेतला प्रशांत नमुन्यादाखल एक उत्तरपत्रिका घेऊन आला होता. ओली छत्री कुठे टेकवावी या विवंचनेत शेजारी येऊन बसलेल्या तरुणीने ती उत्तरपत्रिका सहज उचलली. प्रश्न होता : ससा का रडला? उत्तर होते : वाट गावली नाय. खाली तांबड्या शाईतले शून्य.

"हे कुणी तपासलं?"

"मी."

"मग सांगा, ससा का रडला?"

"वाट सापडली नाही म्हणून."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं!" छत्रीचे पाणी त्याच्या बुटावर ठिबकत होते, तिने पाहिले, पण छत्री हलवली नाही. "मी रश्मी. मुरबाडची. आणि या वादात सशाच्या बाजूची."

वाद त्या दिवशी मिटला नाही. खरे सांगायचे तर तो मिटू नये, अशीच दोघांची व्यवस्था असावी. दर महिन्याला प्रशांत नवे मुद्दे घेऊन येई. वाक्य मनात पुरते घडल्याशिवाय ते तोंडावाटे बाहेर काढायचे नाही, हा त्याचा बाणा.

"प्रमाणभाषा द्यायची नसेल, तर शाळा हवी कशाला?" तो म्हणे.

"द्यायचीच आहे, सर. पण घेणाऱ्याने हातच मागे घेतला तर ठेवाल कुठे?"

गटप्रमुख रत्नप्रभाबाई चष्मा वर सरकवीत. "तुमचं दोघांचं भांडण इतिवृत्तात घेऊ, का खाजगी समजू?"

सगळे हसत. रश्मी सर्वांत मोठ्याने. प्रशांत मात्र दाराबाहेर, कापणीला आलेल्या भाताकडे, फार एकाग्रतेने पाहत बसे.

नोव्हेंबरात पाठ त्याच्या वर्गावर झाला. पाहणाऱ्यांनी शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहायचे, असा गटाचा दंडक होता. पहिलेच उत्तर सावळीने दिले. शून्य मिळालेली ती उत्तरपत्रिका तिचीच होती. "गुरुजी, त्याला वाट गावली नाय."

"गावली नव्हे, सापडली. नाय नव्हे, नाही," तो तत्परतेने म्हणाला आणि पुढे वळला.

पाठ नेटका झाला. चर्चेत सर्वांनी फळ्यावरच्या अक्षराचे कौतुक केले. रश्मी शेवटी, हलक्या आवाजात बोलली. "शब्द दुरुस्त झाला, सर. पण सावळी त्यानंतर एकदाही बोलली नाही. तिने ओठ हलवून पाहिले… मग मिटले."

ते मिटलेले ओठ प्रशांतने पाहिले नव्हते. पण त्याला ते आता स्पष्ट दिसत होते. त्याच्या आईच्या तोंडीही गावली हाच शब्द असे.

पुढच्या बैठकीत नियम त्यानेच मांडला : मूल बोलले की शिक्षकाने आधी 'अर्थ पोहोचला' म्हणावे, मग घरचा आणि पुस्तकातला, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत.

"पोचला," रश्मी म्हणाली.

"पोहोचला. शुद्ध रूप ते आहे."

"पोचला म्हटलं तरी पोहोचतो की!"

मतदान झाले. पोचला जिंकला. हरल्याचे दुःख त्याला होईना, याचेच त्याला नवल वाटले.

डिसेंबरात पाठ पुन्हा झाला. 'गावली' आणि 'सापडली' फळ्यावर शेजारी बसल्या, तशी सावळीने मान वाकडी करून विचारले, "गुरुजी, तुमच्या घरी काय म्हनतात?"

"गावली," तो म्हणाला. वर्ग खळाळून हसला आणि सावळी तास संपेपर्यंत बोलायची थांबली नाही.

मार्चमधील अखेरच्या बैठकीत पाठ सर्वानुमते पक्का झाला. रत्नप्रभाबाईंनी जाहीर केले, की नव्या वर्षी गट नव्याने पडतील. मुरबाडचा वेगळा, शहापूरचा वेगळा. प्रशांतला टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

मुरबाडच्या गाडीसाठी ती थांब्यावर उभी होती. मोटारसायकल लावून तो शेजारी जाऊन उभा राहिला. वाक्य महिनाभर घडवलेले होते.

"रश्मीबाई, गेल्या आठ महिन्यांतील आपल्या मतभेदांचा साकल्याने विचार करता, मला असे निवेदन करायचे आहे, की यापुढील माझे… म्हणजे आपले…"

"बोला. एस.टी. येतेय."

वळणावर तांबडी गाडी खरोखरच दिसली. घडवलेले वाक्य कुठे गळून पडले, त्याला कळले नाही.

"तुमी नसलात की मला करमत नाय. पुढचा शब्द…" त्याने तिच्याकडे पाहिले. "शब्द गावत नाय."

गाडी आली, थांबली. कंडक्टरने दोनदा विचारले, आणि गाडी तिला न घेताच निघून गेली. उडालेली धूळ पदराने झटकीत रश्मी मोटारसायकलच्या मागच्या बैठकीकडे वळली.

"अर्थ पोचला," ती म्हणाली.