हात थांबले की

त्या दुपारी भूपेंद्रभाऊंचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते. धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन. खालचा बाजार सामसूम. ऑफिसात मी, आणि केबिनमध्ये आमचे मालक, हितेंद्र सर.

याच खुर्चीत भूपेंद्रभाऊ गेले. छातीत दुखतंय, जाऊ का, असं केबिनच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं होतं. ‘आधी काम संपव,’ असं ऐकून ते परत येऊन बसले, ते उठलेच नाहीत. त्यांचं तेरावं व्हायच्या आत सरांनी मला तिथे बसवलं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

भाऊ सोनगीरचे. प्रोग्राम लिहायच्या त्यांच्या एडिटरमध्ये त्यांनी हात थांबले की सगळं जपून ठेवणारा एक टायमर लावला होता. मला दाखवताना म्हणाले होते, “मना हात थांबनात का थोडा वेळनी बठ्ठं काम आपोआप सेव्ह व्हस, ताई.”

मी घाम पुसायला हात उचलले. थोड्या वेळाने फाइलच्या तळाशी एकेक अक्षर उमटू लागलं.

सर, छातीत दुखतंय. जाऊ का?

आणि बामाचा वास आला. त्या दिवशी भाऊंनी छातीला चोळला होता तोच.

मी एडिटरमधले सगळे टायमर रद्द केले. यादी रिकामी झाली. हात मांडीवर ठेवून बसले... ओळ पुन्हा आली.

मग मात्र माझा संताप उसळला. मी केबिनचं दार धाडकन उघडलं. “सर, बाहेर या. हे तुम्हाला विचारलेलं आहे. उत्तर तुम्हीच द्या.”

“काय चावटपणा चालवलाय, दिपमाला?” म्हणत ते खुर्चीत बसले. त्यांनी ओळ पुसली. ती परत आली. चेहरा लालबुंद झाला. कीबोर्डच्या कळा बडवत त्यांनी लिहिलं, ‘आधी काम संपव.’

लिहून झालं, तरी त्यांची बोटं थांबेनात.

“सर... पुरे.”

“माझे हात...” त्यांचा आवाज बसला. “दिपमाला, मी नाही करत हे...”

मी वायर उपटली. पडदा काळा झाला. कळांची खटखट चालूच. शेवटी सगळा जोर लावून मी खुर्ची मागे ओढली, तर बोटं हवेत चालत राहिली.

सरांना जळगावच्या दवाखान्यात हलवलं. मी बघायला गेले. ते गाढ झोपलेले, आणि दोन्ही हातांची बोटं चादरीवर भराभर पडत होती.

त्यांच्या पत्नी मोहिनीताई हळूच म्हणाल्या, “सारखं काहीतरी टाइप करतात गं. तुला कळतंय का?”

न बघता टाइप करण्यात माझी कित्येक वर्षं गेली आहेत. कुठलं बोट कुठल्या कळेवर पडतंय, ते मला दिसत होतं. मी वाचलं.

‘दिपमाला, थांबू नको.’

मी तिथे थांबू नये, की माझे हात थांबू नयेत, ते मला अजून कळलेलं नाही.